पूर्वग्रह, पक्षपात आणि झुकते माप

माणसामाणसांत फरक करणे या एका दोषासाठी मराठी भाषेने किती शब्द घडवले आहेत! पूर्वग्रह, आकस, अढी, आपपरभाव, दुजाभाव, सापत्नभाव, भेदभाव, पक्षपात, पंक्तिप्रपंच, वशिला, मेहेरनजर, झुकते माप. सहज आठवले तेवढेच हे डझनभर. ज्या दोषाला इतकी नावे, तो दोष या भाषेच्या माणसांना घरीदारी वारंवार भेटला असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

परंतु शब्दांची ही श्रीमंती आपण नीट वापरतो काय? स्नेहसंमेलनात मुलीला नाटकात घेतले नाही, की आई म्हणते, ‘‘बाईंच्या मनात आमच्याविषयी पूर्वग्रह आहे.’’ शेजारच्या वस्तीतील लोक चोरटेच असतात असे कोणी बोलला, की आपण म्हणतो, ‘‘हा पक्षपाती माणूस आहे.’’ दोन्ही ठिकाणी शब्द चुकला आहे. पहिल्या प्रसंगी तक्रार झालेल्या वाटपाची आहे. दुसऱ्या प्रसंगी कोणी काही वाटलेलेच नाही, केवळ एक मत बोलून दाखवले आहे. शब्द इकडचे तिकडे झाले तर असे काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ बिघडते. दुखणे हाताचे असताना डोळ्यांत औषध घातले, तर हात बरा होत नाही. आणि आपण उपचार केला या समाधानात रोगी मात्र निर्धास्त राहतो.

आधी ‘पूर्वग्रह’ हा शब्द पाहू. ‘ग्रह’ म्हणजे पकडणे, धरणे. भेट होण्यापूर्वीच जे मत आपण मुठीत धरून ठेवले, तो पूर्वग्रह. लॅटिन भाषेतील ‘प्रेजुदिचियुम’ हा शब्द न्यायालयातून आला. अंतिम निवाड्यापूर्वीचा प्राथमिक निर्णय असा त्याचा एक अर्थ होता. जर्मन तत्त्वज्ञ हान्स-गेओर्ग गाडामर यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या जुन्या अर्थाची आठवण करून दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कोरी पाटी घेऊन कोणीच काही समजून घ्यायला येत नाही. आईच्या भाषेपासून गावच्या समजुतींपर्यंत पुष्कळ काही आधीच आपल्या मनात असते, आणि त्याच्याच आधाराने आपण नवे समजून घेऊ लागतो. आपल्याला पूर्वग्रहच नाहीत असे मानणारा मनुष्य सर्वांत अधिक त्यांच्या ताब्यात असतो. हे पटण्यासारखे आहे. पूर्वग्रह मनात असणे हे माणसाचे माणूसपण आहे; समोर प्रत्यक्ष माणूस उभा राहिला तरी मूठ न उघडणे हा मात्र दोष आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील नथनेल हे याचे निर्मळ उदाहरण होय. नासरेथचा येशू भेटला असे फिलिप्प त्याला सांगतो, तेव्हा त्या गावातून काही चांगले निघेल यावरच नथनेलाचा विश्वास बसत नाही. गावाच्या नावावरून त्याने माणसाचा निकाल लावून टाकला. फिलिप्प त्याच्याशी वाद घालीत बसत नाही. स्वतः येऊन पाहा, एवढेच सुचवतो. नथनेल जातो, पाहतो आणि त्याचे मत पालटते. विशेष म्हणजे प्रभू त्याला झिडकारीत नाही, उलट त्याच्या निष्कपटपणाचे कौतुक करतो. मनात पूर्वग्रह असूनही मनुष्य निष्कपट असू शकतो, मात्र त्याची उठून जाण्याची तयारी हवी, असाच याचा अर्थ नव्हे काय?

ही तयारी का नसते, याचा विचार तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी केला आहे. दुसऱ्याविषयी वाईट संशय मनात येण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली. एक, मनुष्य स्वतःच तसा असतो म्हणून इतरांनाही तसेच समजतो. दोन, त्याचे त्या व्यक्तीशी बरे नसते. तीन, दीर्घ अनुभव. म्हणून तर वृद्ध माणसे अधिक संशयी असतात. तिसरे कारण आपण विशेष लक्षात ठेवावे. शेजाऱ्याच्या मनात असतो तो पूर्वग्रह आणि आपल्या मनात असतो तो अनुभव, अशी सोयीची वाटणी आपण शब्दांतही करून ठेवली आहे. संत थॉमस याहून पुढे जाऊन असे म्हणतात की, वाईट माणसाला चांगला समजून वारंवार फसणे हे चांगल्या माणसाला क्वचित का होईना वाईट समजण्यापेक्षा बरे. कारण पहिल्यात कोणावर अन्याय होत नाही, दुसऱ्यात होतो.

आपल्या देशातील शास्त्रचर्चेने पूर्वग्रहावर एक उपाय फार पूर्वी शोधला होता. त्याचे नाव ‘पूर्वपक्ष’. आपला सिद्धांत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, तो स्वतः मांडील तितक्या जोमाने, आपणच मांडावयाचे आणि मग उत्तर द्यावयाचे. संत थॉमस यांची पद्धत हीच आहे. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते आपल्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात. ‘पूर्वग्रह’ आणि ‘पूर्वपक्ष’ या दोन्ही शब्दांत ‘पूर्व’ आहे. एकात आपले मत आधी धरलेले असते, दुसऱ्यात समोरच्याचे मत आधी ऐकलेले असते. धर्मग्रामाच्या सभांतून आणि घरातील वादांतून या दुसऱ्या ‘पूर्व’ची सवय लागली तर किती बरे होईल!

आता ‘पक्षपात’. पक्ष म्हणजे पंख, बाजू. पात म्हणजे पडणे. एका बाजूला कलणे, असा त्याचा सरळ अर्थ. संस्कृतात हा शब्द नेहमीच निंदेचा नव्हता. गुणांची कदर करणाऱ्याला ‘गुणपक्षपाती’ म्हणत, आणि तो गौरव असे. मराठीत मात्र त्याला न्यायाच्या तराजूचा संदर्भ चिकटला आणि तो दोषवाचक झाला.

पवित्र शास्त्रात या दोषासाठी जो हिब्रू शब्दप्रयोग आहे तो मोठा चित्रमय आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘तोंड वर उचलणे’ असा होतो. फिर्यादी जमिनीकडे तोंड करून वाकलेला आहे, आणि न्यायाधीश त्याचे तोंड वर उचलून, तो कोण आहे हे पाहून, त्याच्यावर मेहेरबान होतो. नव्या कराराच्या लेखकांनी यावरून ‘तोंड पाहून स्वीकारणे’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द वापरला. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे उदाहरणच आहे. प्रार्थनासभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या वस्त्रांतील गरीब येतो, त्याला उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगितले जाते. पहिल्या शतकातील हे उदाहरण समजण्यासाठी आपल्यापैकी कोणालाही टीपेची गरज भासू नये.

पक्षपात ओळखण्याची कसोटी संत थॉमस यांनी सोपी करून दिली आहे. विद्वत्तेमुळे एखाद्याला अध्यापकाचे पद दिले, तर आपण योग्य कारण पाहिले. तो अमुक आहे, म्हणजे केवळ पेत्र किंवा मार्टिन आहे म्हणून दिले, तर व्यक्ती पाहिली, आणि तो पक्षपात झाला. कारण योग्य की अयोग्य हे काय वाटायचे आहे त्यावर ठरते. नातलग असणे हे वडिलोपार्जित मालमत्तेचा वारस होण्यास योग्य कारण आहे. चर्चमधील अधिकारपद मिळण्यास नाही.

ही शिकवण असूनही व्हायचे ते झालेच. आप्तांना पदे वाटण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा ‘नेपोटिझम’ हा शब्द आपल्याच चर्चच्या इतिहासातून जन्मला आहे. ‘नेपोस’ म्हणजे नातू किंवा पुतण्या-भाचा. अनेक पोप महाशयांनी आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल केले. पोप पॉल तिसरे यांनी तर १५३४ साली आपल्या दोन किशोरवयीन नातवांना ती टोपी दिली. अखेर १६९२ साली पोप इनोसंट बारावे यांनी आदेश काढून आप्तांना जमिनी, पदे आणि उत्पन्ने देण्यास मनाई केली. दोषाचे नाव आपल्या घरातून गेले तसा त्याला बांध घालणारा आदेशही आपल्याच घरातून निघाला, हे दोन्ही सांगितले पाहिजे.

या आदेशाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. तो पोप महाशयांच्या मनात पुतण्याविषयी माया आहे की नाही हे विचारीत नाही. हात कुठवर जावा एवढेच ठरवतो. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातील १४४८ वे कलमही असेच आहे. जवळचा नातलग, निकटचा स्नेही किंवा कडवा वैरी पक्षकार असेल, तर न्यायाधीशाने तो खटला चालवायला घेऊ नये. ‘मी निःपक्षपाती राहीन’ या त्याच्या आश्वासनावर कायदा विसंबून राहत नाही, त्याला त्या खुर्चीवरूनच दूर करतो. पूर्वग्रहावर भेट हा उपाय आहे. पक्षपातावर व्यवस्था हा उपाय आहे. म्हणूनच हे दोन शब्द वेगळे राखायला हवेत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या मंडळीने नेमके हेच केले. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. आपल्या मराठीत याला अचूक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी ओळखीच्या ताटात रश्श्याबरोबर चार फोडी जास्त पडाव्यात आणि अनोळखी ताटात नुसता रस्सा, हा पंक्तिप्रपंच. वाढणाऱ्याच्या मनात काय होते हे हा शब्द विचारीत नाही. एका पंक्तीत दोन मापे वाढली गेली, एवढे त्याला पुरते. प्रेषितांनीही कोणाच्या मनाची झडती घेतली नाही, की प्रेमाने राहा म्हणून नुसता उपदेश केला नाही. मंडळीने सात माणसे निवडली, आणि वाटप त्यांच्या हाती दिले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातूनच वाढपी नेमले गेले.

पूर्वग्रह गेला की पक्षपात आपोआप जाईल, असे कोणाला वाटत असेल तर त्याने संत पेत्राचे चरित्र पाहावे. यापो येथे त्याला दृष्टान्त झाला, तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेला, आणि देव कोणाचे तोंड पाहत नाही हे त्याने सर्वांसमक्ष बोलून दाखवले. त्याचा पूर्वग्रह गळून पडला होता. पुढे अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसून जेवू लागला. परंतु याकोबाकडची काही माणसे तेथे येताच त्याने त्या पंगतीतून अंग काढून घेतले. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्ती आणि बर्णबाही मागे सरले. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचे कारण स्पष्ट दिले आहे, ते म्हणजे भीती. आपली माणसे काय म्हणतील ही भीती.

आम्हांला हा प्रसंग नव्या करारातील अत्यंत बोधप्रद प्रसंगांपैकी एक वाटतो. पेत्राचे मन स्वच्छ होते, तरी त्याचा हात मागे आला. आपल्यातील किती सुशिक्षित, उदार माणसे अशीच वागतात! जातीपातीवर त्यांचा विश्वास नसतो. तसे ते मनापासून सांगतात, आणि ते खोटे नसते. मात्र मुलीसाठी स्थळ पाहायची वेळ आली की ‘आपल्यातलेच असलेले बरे, लोक काय म्हणतील’ हे वाक्य येते. ‘माझ्या मनात काही नाही’ या उत्तराने पूर्वग्रहाच्या आरोपातून सुटका होईल. पक्षपाताच्या आरोपातून होत नाही. संत पौलाने पेत्राला मनाविषयी विचारले नाही. सर्वांसमोर त्याच्या वागण्याविषयी विचारले.

येथे एक आक्षेप येईल, आणि पूर्वपक्षाचा गौरव केल्यावर तो आम्हीच मांडणे बरे. देवच गरिबांच्या बाजूने झुकत नाही काय? लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी १९७९ साली प्वेब्ला येथे गरिबांना अग्रक्रम देण्याची निवड जाहीर केली. तो पक्षपात नव्हे काय? आजारी लेकराजवळ रात्रभर बसणारी आई बाकीच्या मुलांशी दुजाभाव करते काय?

उत्तर ‘झुकते माप’ या शब्दातच आहे. दुकानदार तागडी गिऱ्हाइकाच्या बाजूला थोडी झुकू देतो तेव्हा तो स्वतःच्या मालातून देतो. ते औदार्य होय. तीच तागडी सर्वांच्या मालकीचे धान्य वाटताना एकाकडे झुकली तर दुसऱ्याच्या ताटातले काढले गेले. तो पक्षपात होय. माप कोणाच्या मालातून झुकते, हा खरा प्रश्न आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेऊन संत थॉमस हेच सांगतात की, न्यायाने देणे असलेल्या गोष्टीत पक्षपात होऊ शकतो, स्वखुशीच्या देणगीत होत नाही. आईचे जागरण तर न्यायालाही धरून आहे. आजार हे योग्य कारण आहे, लाडकेपणा नव्हे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाधीशाला गरिबाची आणि बड्याची, अशी दोघांचीही भीड धरण्यास मनाई आहे. अनुवादाच्या दहाव्या अध्यायात देव तोंड पाहत नाही आणि लाच घेत नाही असे सांगून लगेच तो अनाथ आणि विधवा यांना न्याय देतो असे म्हटले आहे. तेथे विरोध नाही. एक पारडे आधीच कोणी दाबून धरले असेल, तर त्यावरचा हात काढण्याला पक्षपात म्हणता येत नाही.

‘सापत्नभाव’ या शब्दाविषयीही थोडे बोलावेसे वाटते. सरकारने एखाद्या भागाला निधी कमी दिला की वर्तमानपत्रे सर्रास ‘सापत्नभाव’ लिहितात. परंतु सवतीच्या मुलांना पोटच्या मुलांसारखे वाढवणाऱ्या किती माउल्या आपल्या धर्मग्रामांत आहेत! त्यांच्यावर हा शब्द रोज अन्याय करतो. पक्षपाताची तक्रार करणारा शब्द स्वतःच पूर्वग्रहावर उभा आहे. ‘दुजाभाव’ हा निर्दोष शब्द हाताशी असताना हा टाळायला काय हरकत आहे?

शेवटी जो मुद्दा आम्हांला सर्वांत अधिक सलतो, त्याकडे वळू. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या प्रश्नाच्या तपासासाठी २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. आपण याला पक्षपात म्हणतो. शब्द योग्यच आहे. धर्म पालटल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा कलंक पुसला जात नाही.

मात्र हाच शब्द आपण आपल्या घरासाठी वापरतो काय? भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले, आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता व भेदभाव आहे हे त्यात मान्य केले. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या दफनभूमीतील जातीची भिंत याच कारणाने देशभर गाजली. आपल्या महाराष्ट्रात वसईकडे सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी असे समाज एकाच वेदीभोवती जमतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात दलित समाजातून आलेल्या कुटुंबांनी श्रद्धेची ज्योत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. सोयरिकी, समित्या, सन्मानाच्या जागा यांचा विषय निघाला की या लेकरांमध्ये जे अंतर पडते, त्याला आपण ‘चालीरीत’, ‘परंपरा’, फार तर ‘थोडा पूर्वग्रह’ म्हणतो. शासनाच्या वाटपाला पक्षपात आणि आपल्या वाटपाला परंपरा म्हणणे, हा शब्दांचाच पंक्तिप्रपंच झाला.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी यांपैकी कोणताही शब्द ओठांवर येईल तेव्हा क्षणभर थांबून दोन प्रश्न विचारावेत. हे कोणाच्या मनातले मत आहे, की कोणाच्या हातून झालेले वाटप आहे? आणि हेच आपल्या घरात घडले असते तर आपण हाच शब्द वापरला असता काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘मत’ असेल तर उठून त्या माणसाच्या दारी जावे. ‘वाटप’ असेल तर वाढपी, माप किंवा पंगत यांपैकी काय बदलायला हवे ते पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर तो शब्द दुसऱ्याला लावण्यापूर्वी आपल्या घराला लावून पाहावा.